आठांतला नववा

कुवेतमधल्या अहमदी गावच्या टेनिस कोर्टावरची वाळू आणि आमच्या कंपूतले किस्से, दोन्ही कितीही झाडा, पुढच्या शुक्रवारी परत तेवढेच! आम्ही सगळे कागदोपत्री संसारी आणि राहायला सडे. बायकामुलं पुण्याला, नाशकाला, कणकवलीला. नव्वदीतल्या त्या वर्षांत तिथला सुट्टीचा शुक्रवार खायला उठायचा. म्हणून टेनिस. खेळ येत होता म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

*

कुलथे हा आमचा नाशिकचा इंजिनियर. नियम वाचल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही! टीव्हीवर वर्षअखेरची मोठी स्पर्धा बघून तो पेटला. "जगातले बेस्ट आठच खेळतात त्यात. आपणही दर नोव्हेंबरात घ्यायची. आठच जण!"

आता आमच्यात रॅकेट कुठून धरायची हे माहीत असलेली माणसं एकूण नऊ. कुलथ्यानं रीतसर रँकिंग लावलं आणि नववा आला सावंत. हॉस्पिटलातला एक्सरे टेक्निशियन, कणकवलीचा.

"अरे, नवांतले बेस्ट आठ?" मी म्हणालो. "सरळ सांग ना, सावंत नको!"

"नको कसा? तो ऑफिशियल राखीव आहे," कुलथे म्हणाला.

एरवी सावंत आमच्यात खेळायचा. स्पर्धेत मात्र तीन वर्षं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून बाकावर. एक, फक्त एक मॅच मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

*

दुसरा नियम राउंड रॉबिनचा. चौघांचे दोन गट, प्रत्येकाला तीन मॅचेस.

"आणि पहिलीच हरलो तर?" पुण्याच्या देशपांडेनं विचारलं.

"हरलं तरी घरी जायचं नाही. परवा परत उभं राहायचं."

"हात्तिच्या! म्हणजे नोकरीच की!"

*

हा देशपांडे तसा हसरा माणूस. एकदा चाळीस-शून्यवर होता. अंपायरच्या खुर्चीतून कुलथे ओरडला, "फॉर्टी लव्ह!" देशपांडे सर्व्हिस करेचना. चेंडू हातात धरून नुसता उभा.

"काय झालं रे?"

"परत म्हण ना एकदा," देशपांडे म्हणाला. "वर्षभरात लव्ह म्हणून एवढंच कानावर पडतं!"

आम्ही हसलो खरे, पण पुढचा गेम कुणाचाच धड झाला नाही.

*

त्या वर्षी जिंकला देशपांडेच. ट्रॉफी म्हणजे कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये मिळालेला थर्मास. तो उंच धरून त्यानं माझ्या खोलीच्या गॅलरीत फोटो काढून घेतला आणि पुण्याला पाठवला. महिन्याभरानं बायकोचं पत्र आलं. थर्मासबद्दल अवाक्षर नाही! 'मागे दोरीवर वाळतंय ते बनियन तुमचं का? काखेत उसवलंय. येणाऱ्याबरोबर दोन नवीन पाठवते.'

बनियन माझं होतं. पण नवीन आली ती देशपांडेनं मला दिली नाहीत. कपाटात तशीच घडी घालून ठेवली.

*

सावंतची मुलगी कणकवलीला, आईजवळ. सात-आठ वर्षांची. सुट्टीवर गेला असताना त्यानं तिला टीव्हीसमोर बसवून, हरलेला खेळाडू दाखवत टेनिस शिकवलं होतं: "हो बघ, हरलो. आता बॅग उचलतलो आनि घराक जातलो." बापही कुवेतमध्ये असल्याच स्पर्धेत असतो, असं तिला सांगून ठेवलेलं. नोव्हेंबरात फोन केला की ती पहिलं तेच विचारायची, "बाबा, हरलंस?"

"अजून हरूक नाय गो!" सावंत छाती फुगवून सांगायचा. खोटं काहीच नव्हतं. खेळलाच नाही तर हरणार कसा!

पलीकडून फक्त "बरां" यायचं आणि फोन आईकडे जायचा.

"पोरीला बापाचं कौतुक म्हणून नाही," सावंत कुरकुरायचा. त्याला ते फार लागायचं.

*

चौथ्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी देशपांडेचा पाय जिन्यात मुरगळला. हॉस्पिटलात ड्युटीवर सावंतच! इतक्या आनंदानं एक्सरे काढताना मी माणूस पाहिला नाही. हाड शाबूत होतं. सावंतनं डॉक्टरांना तीनदा विचारलं, "सर, नक्की ना? नीट बघा, बारीकसं तरी?" शेवटी डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस खेळायचं नाही." सावंतनं देशपांडेला मिठीच मारली.

त्याची पहिली मॅच माझ्याशी. सहा-शून्य, सहा-एक. तो एक गेम माझ्या डबल फॉल्टचा. हरल्यावर सावंत नेटवरून उडी मारायला गेला आणि अडकला. "खेळलो रे! वर्ल्ड नंबर आठ!" म्हणत तसाच, घामानं निथळत, क्लबच्या दारातल्या फोन बूथकडे धावला. मी आणि कुलथे मागोमाग.

"बाबा, हरलंस?"

"हरलंय गो बाय! सहा-शून्य!"

पलीकडे अशी किंकाळी फुटली की आम्हाला बाहेर ऐकू आली. "आये! बाबा हरलो! बाबा हरलो! आता घराक येतलो!" मग धावत गेल्याचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज.

सावंत रिसीव्हर धरून उभा राहिला. तिची पावलं परत फोनपाशी आली, तसा त्यानं रिसीव्हर कुलथ्याच्या हातात दिला. "नियम तुझे. तूच सांग तिला."

कुलथ्यानं दोनदा घसा खाकरला. "बाळा, मी कुलथेकाका. बाबांची ना, परवा अजून एक मॅच आहे."

मीही रिसीव्हरला कान लावला. मग हळूच,

"मगे तीपण हरूक सांगा ना, काका!"