आफ्रिकेच्या पाहुण्यांसाठी चैत्रात भरवलेला पोळा

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती सांगतो. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, कारण आलापल्लीकडचे लोक ती अजून तिखटमीठ लावून सांगतात. काही जण तर बैल माझ्या अंगावरून गेले असं सांगतात. तसं काही झालं नाही. बैल बाजूनं गेले.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणायचो. मी मूळचा नागभीडचा, मॅट्रिकला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. आलापल्लीच्या जंगलात बापूसाहेब नावाच्या गृहस्थांची एक छोटी शिकार कंपनी होती, तिथं मी नोकरीला लागलो. कंपनी म्हणजे काय, तर चार तंबू, एक जुनी जीप, स्वयंपाकाला गिरजाबाई, आणि जंगलाची माहिती सांगायला डोमाजी. डोमाजीच बैलगाडीही हाकायचा. परदेशचे साहेब लोक वाघ बघायला, मारायला यायचे. मी सामानसुमान बघायचो आणि थोडं इंग्रजी बोलायचो. थोडं म्हणजे किती, ते विचारू नका.

एका वर्षी बापूसाहेबांना आफ्रिकेतल्या एका मोठ्या सफारी कंपनीचा निरोप आला. त्यांचे पाहुणे सिंह मारून कंटाळले होते, आता त्यांना वाघ हवा होता. आमची माणसं आणि आमचं जंगल पसंत पडलं, तर दर हिवाळ्यात ते पाहुणे आमच्याकडे पाठवणार. नाही पडलं, तर बापूसाहेब कंपनी बंद करून भंडाऱ्याला भावाकडे जाणार. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. गिरजाबाईंचं घर त्या चुलीवर चालत होतं. डोमाजीच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. म्हणजे गंमत नव्हती.

त्या कंपनीचा गोरा साहेब आला आणि सोबत त्याची दोन माणसं आली. एक कामाऊ, उंच, शांत, जनावराचा माग काढणारा. दुसरा जोसेफ, त्यांचा स्वयंपाकी, गोल चेहऱ्याचा आणि सदा हसरा. दोघांना इंग्रजी येत नव्हतं. साहेब त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचा.

पहिल्याच सकाळी जोसेफ माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "चाय."

मी चमकलो. चहा दिला. मग तो म्हणाला, "सुकारी." मी साखर पुढे केली. त्यानं मान डोलावली. गिरजाबाईंच्या तव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चपाती." तेवढ्यात कामाऊ जीपवर थाप मारून म्हणाला, "गारी."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी धावत बापूसाहेबांकडे गेलो.

"बापूसाहेब, यांची भाषा म्हणजे आपलीच भाषा आहे. जरा वाकडी बोलतात एवढंच."

"तुले समजते?" बापूसाहेबांनी विचारलं.

"सगळी."

हा 'सगळी' शब्द मी का बोललो, हे मला आजवर कळलेलं नाही.

साहेबाला परवान्याच्या कामासाठी चांद्याला जायचं होतं. बापूसाहेब त्याच्याबरोबर जीपमधून निघाले. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोघाईले तुह्या हवाली करून राह्यलो. जे मागतील ते दे. पाहुण्याले नाई म्हणायचं नाई."

जीप गेली आणि मी दुभाषा झालो.

दुपारी जोसेफ रिकामी बादली उचलून म्हणाला, "माजी." मला वाटलं, बादली माझी असं म्हणतोय. मी सगळ्यांना बजावलं, ही बादली त्याची आहे, कोणी हात लावायचा नाही. जोसेफ बराच वेळ बादली घेऊन उभा राहिला. मग एकटाच नाल्याकडे गेला आणि पाणी भरून आला. मला त्याच्या स्वावलंबनाचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "कुकू."

मी गिरजाबाईंकडून कुंकू आणून दिलं. त्यानं ते हातावर घेतलं, जिभेला लावून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, "कुकू." मी गावातून मोठी पुडी आणली. तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा अगदी काकुळतीला आला होता. "कुकू," तो म्हणाला, जवळजवळ हात जोडून.

"माहा करंडा खाली झाला जी," गिरजाबाई म्हणाल्या. "एवढ्या कुंकवाचं हा माणूस करते काय?"

"काही पूजाबिजा असेल त्यांची," मी म्हणालो.

त्या 'पूजाबिजा'नं घात केला. कारण त्याच दिवशी मी कामाऊला जंगल दाखवायला डोमाजीच्या बैलगाडीतून घेऊन गेलो. रस्ता कसला, नुसते दगड. गाडी उडत होती, आम्ही तिच्यात उडत होतो. कामाऊनं एका हातानं गाडीचा दांडा धरला, दुसरा हात बैलांच्या दिशेनं केला आणि म्हणाला, "पोळे, पोळे."

मी कान टवकारले. "काय?"

"पोळे, पोळे." पुन्हा बोट बैलांकडेच.

डोमाजीला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कासरा ओढला. गाडी हळू झाली. कामाऊ खूश झाला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "असांते साना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बैल. पोळा. असतो सण. आणि तिकडे जोसेफ तीन दिवस कुंकू मागतोय.

"डोमाजी," मी म्हणालो, "यांना पोळा बघायचा आहे."

डोमाजीनं गाडीच थांबवली. "पोळ्याले टाइम आहे ना भाऊ. आता त मोहफुलं पडून राह्यली."

"त्यांना कुठं माहीत? इतक्या दूर आपला सण ऐकून आलेत बिचारे."

कामाऊ आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला विचारलं, "पोळा? पोळा?" त्यानं जोरात मान हलवली. "पोळे." झालं, शिक्कामोर्तब झालं.

मी तसाच गावच्या पाटलांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"पाटीलभाऊ, उद्या पोळा भरवायचा आहे."

"कोणता पोळा?"

"बैलांचा."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आता? चैतात? पिसाटला काय गा तू?"

मी सगळं समजावून सांगितलं. कंपनी, साहेब, दर हिवाळ्याचं काम, गिरजाबाईंची चूल, डोमाजीच्या मुली. पाटील ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्याईच्या गावाले बैल नसन काय?"

"नसतील," मी म्हणालो. मला त्यांच्या गावाबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"मंग बिचाऱ्याईले कुठी पाह्यले भेटन," पाटील म्हणाले. "करू. पर लोकं शिव्या देईन, त्या तू खाजो."

लोकांनी शिव्या दिल्या, मी खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी मोहफुलं वेचायचं सोडून अख्खं गाव कामाला लागलं, हेही सांगायला हवं. बैल धुतले. शिंगं रंगवली. पेटीत ठेवलेल्या झुली बाहेर निघाल्या. बायांनी पुरण शिजवलं. आमच्या तंबूंसमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि त्याच्यामागे दोन खुर्च्या टाकून कामाऊला आणि जोसेफला बसवलं. दोघंही नवरदेवासारखे बावरले होते. मी खुर्चीमागे उभा राहिलो, दुभाषा म्हणून.

बैल रांगेत आले. पोरं झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकातली गाणी, म्हणू लागली, एकाची झडती संपली की दुसऱ्याची. डफडी वाजू लागली. पण ते पडले चैत्रातले बैल. ऊन डोक्यावर, शिंगांचा रंग ओला, अंगावर झूल, आणि कानाशी डफडं. त्यांनाही कळेना की आज हे काय चाललंय. पाटलांचा पांढरा बैल पाय आपटू लागला.

कामाऊच्या ते लक्षात आलं. तो खुर्चीतून उठला, दोन्ही तळहात खाली दाबल्यासारखे हलवत म्हणाला, "पोळे. पोळे."

मी डफडेवाल्यांना ओरडून सांगितलं, "पाहुणे पोळा पोळा म्हणतायत. वाजवा जोरात."

डफडी जोरात झाली. पांढऱ्या बैलानं मान झटकली. कामाऊचा आवाज चढला. "पोळे, पोळे, पोळे!"

"अजून मन भरलं नाही त्यांचं," मी म्हणालो. "आणखी जोरात."

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी पळत होतो. तोरण तुटलं एवढं दिसलं. मग सगळे बैल एकदम तंबूंच्या बाजूला वळले. एक तंबू बसला, दुसरा बैलांबरोबर थोडं अंतर चालत गेला. साहेबाची मच्छरदाणी शिंगांवर घेऊन एक तांबडा बैल नाल्यात उतरला. मी समोर दिसलेल्या मोहाच्या झाडावर चढलो. वर जोसेफ आधीच बसला होता. माझा गुडघा सोलवटला होता. त्यानं गुडघ्याकडे बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "पोळे."

"झाला ना बाबा," मी म्हणालो. "आणखी किती करू?"

नेमकी त्याच वेळी बापूसाहेबांची जीप आली.

माणसाला लागलं नाही, बैलही संध्याकाळपर्यंत सगळे सापडले. पण साहेबाला दाखवायला डोमाजीनं नाल्यापलीकडे हेरून ठेवलेला वाघ ते डफडं ऐकून कुठल्या कुठे गेला होता. साहेबानं कामाऊला विचारलं. कामाऊ बराच वेळ बोलला, मध्ये मध्ये माझ्याकडे हात करत. जोसेफनं झाडावरूनच भर घातली. साहेब बापूसाहेबांना इंग्रजीत सांगत होता आणि बापूसाहेब एकेक शब्द मला ऐकवत होते.

"पोळे पोळे म्हणजे हळू हळू. नुसतं पोळे म्हणजे वाईट वाटलं, सांभाळ. असांते साना म्हणजे लय आभार. माजी म्हणजे पाणी."

"आणि कुकू?" मी विचारलं.

"कोंबडी," बापूसाहेब म्हणाले. "तीन दिवस झाले, तो माणूस तुले कोंबडी मागून राह्यला."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला बाकी कोणाच्या तोंडाकडे बघवेना.

त्या संध्याकाळी साहेब लवकरच तंबूत शिरला. मोडके तंबू उभे करताना डोमाजी माझ्या बाजूला होता. मी म्हणालो, "डोमाजी, मी तुमच्या पोटावर पाय दिला." त्यानं खुंटी ठोकत उत्तर दिलं, "रस्सी धर गा नीट." मला वाटतं, तो मला रागावला असता तर बरं झालं असतं.

सकाळी साहेबानं सगळ्यांना बोलावलं. तो म्हणाला, कामाऊ रात्रभर त्याच्याशी भांडला. कामाऊचं म्हणणं असं की, आपण एक शब्द बोललो, तोही कोणाला समजला नाही, तरी या लोकांनी आपल्यासाठी अख्खं गाव उभं केलं. अशी माणसं असतील तिथं पाहुणे पाठवायला हरकत नाही, वाघ काय, पुन्हा येईल. साहेबानं बापूसाहेबांशी हात मिळवला. अट एकच घातली, दुभाषा त्यांचा ते आणतील.

गिरजाबाईंनी त्या दुपारी जोसेफला कोंबडीचा रस्सा करून वाढला. जेवताना त्यानं दोनदा डोळे मिटले.

निघायच्या वेळी कामाऊ जीपमधून उतरून माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याच्या भाषेत बरंच काही बोलला, हळू आवाजात, अगदी मनापासून. मग जीप गेली. धूळ खाली बसली. सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

"काय म्हणे तो?" डोमाजीनं विचारलं.

"मले काईच समजलं नाई," मी म्हणालो.

बापूसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "इतक्या दिवसात यानं पहिल्यांदा बरोबर सांगितलं."