लेकीच्या व्हिडिओतला हुंकार

मी चौथी शिकलेला माणूस. संगणकातलं मला काही कळत नाही आणि कळावं असं कधी वाटलंही नाही. तरी आमच्या सणसरच्या घरात एक व्हिडिओ झाला, त्याचं लिहून ठेवतोय. बायको गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो ते त्या व्हिडिओपायी. अग्नी दिला तेव्हा रडलो नव्हतो, दहाव्यालाही नाही.

लेक बारामतीला दिली आहे. घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कामावर नव्यानं आलेल्या पोरांना शिकवायला व्हिडिओ करते. पडद्यावर काम करून दाखवायचं आणि वरनं बोलत जायचं. तोंड दिसत नाही, नुसता आवाज. तिच्या बिल्डिंगीत सारखा कालवा, म्हणून ती स्कूटीवर मळ्यातल्या घरी यायची. मग मायलेकी मधल्या खोलीत बसायच्या, पंखा बंद करायच्या आणि कोंबड्यांबरोबर मलाही बाहेर घालवायच्या. "तुमी जावा उसात. तुमचा घसा घटकाभर गप बसत न्हाय," बायको म्हणायची. मी जायचो. कडी लावून आत काय चालतं ते मला कधी माहीत झालं नाही.

पोळ्याच्या आधी ही गेली. अंथरुणावर फार दिवस काढले नाहीत, तेवढं बरं झालं म्हणतात लोक. लोकांचं काय जातंय म्हणायला.

ऊसतोड सुरू झाल्यावर लेक आली. कंपनीनं एक व्हिडिओ मागितला होता आणि आई गेल्यापासून लेकीला तो जमत नव्हता. बोलायला बसली की चार वाक्यांत आवाज बसायचा. आता होत नसेल तर शिकवायचं काम दुसऱ्याला देतो, असं साहेबानं सांगितलं होतं. पगार थांबला नसता, पण तिला त्या कामात शिकवायचं तेवढंच मनापासून आवडतं.

मी आपली चप्पल घातली आणि उसाकडं निघालो. तिनं दारातनं हाक मारली.

"तात्या, आज तुमी आत बसा."

"मी खोकतो."

"खोका. पण समोर बसा."

मग तिनं सांगितलं. तिची आई समोर बसून हुंकार द्यायची. बायकोचं माहेर कळंबकडचं, मेंढरंवाल्यांचं. रात्री मेंढरांच्या तळावर म्हातारा गोष्ट सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं "हं, हं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची, कारण सगळी झोपली असं धरायचं. हिला ती सवय जन्माची. लेक संगणकाचं सांगायची आणि ही भाजी निवडत "हं" म्हणायची. कळत काहीच नव्हतं. पण लेकीनं घाई केली की हुंकार यायचा नाही, मग लेक ते परत दमानं सांगायची. आता समोर कोणी नाही. भिंतीला सांगितल्यागत होतंय, म्हणाली.

माझ्या डोक्यात एकच आलं. म्हणजे त्या व्हिडिओंत तिचा आवाज असेल. तिचा आवाज आमच्याकडं कुठंच नाही. फोनवर बोलायची तेही कानातनं गेलेलं. मी म्हणालो, लाव की मग एखादा.

लेक खाली बघायला लागली. "कापलाय, तात्या. समद्यातनं. पोरांना वाटलं असतं मागं कोण बोलतंय."

मूळचं तरी ठेवलं असशील, म्हणालो. जागा पुरत नव्हती म्हणून तेही पुसलं होतं. रागावलो असतो तर ती उठून गेली असती आणि व्हिडिओ राहिला असता.

विहिरीवरची मोटर बंद करून आलो आणि बसलो. सुरुवात केली तर रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. तो जाईपर्यंत थांबलो. परत सुरू केलं तर मी प्रत्येक शब्दाला हं म्हणायला लागलो. "वाक्य तरी संपू द्या," लेक म्हणाली. "आईनं आत्तापतूर तुमाला उसात धाडलं असतं." दोघंही हसलो. हसून झाल्यावर खोली जास्तच रिकामी वाटली.

तिचा विषय असा होता. संगणकावर लिहायची एक साधी पाटी असते, एडिटर म्हणतात. तो आपला ट्रॅक्टर धरा. त्याला मागनं काय जोडायचं, नांगर का रोटर, ती औजारं म्हणजे पॅकेजं. ती आणायला एडिटर सोडून दुसरीकडं जावं लागत नाही. तिथंच सगळ्यांची यादी उघडते. हवं त्याच्यापुढं एक खूण, नको त्याच्यापुढं दुसरी. खुणा करून काही होत नाही. शेवटचं बटण दाबलं की मगच आणणं-काढणं होतं. इतपत मला कळलं, कारण जन्मात पहिल्यांदा मी लेकीचं बोलणं ध्यान देऊन ऐकत होतो.

मग तिनं एक पॅकेज काढायला घेतलं आणि संगणकानं नको म्हणून सांगितलं.

"हे काढता येत न्हाय," ती म्हणाली. "बाकीची ह्याच्यावर चालत्यात."

मला हं म्हणायचं होतं. तोंडातनं दुसरंच गेलं.

"आन तरी गेलं तर बाकीच्यांचं काय व्हतं?"

ती पडद्याकडंच बघत होती. तशीच म्हणाली, "चालू व्हत्यात, तात्या. मधीच बंद पडत्यात."

तिनं पदर... नाही, पदर तिच्या आईचा. लेकीनं ओढणीनं तोंड पुसलं, पाणी प्याली आणि म्हणाली, पहिल्यापासनं घेऊ. त्या वेळी तिचा आवाज बसला नाही. मी वाक्य संपलं की हं म्हणत गेलो आणि ती शेवटापर्यंत गेली.

लगेच कापायला बसली. माझा हुंकार पडद्यावर आवाजाच्या पट्टीत वरंब्यासारखा उठलेला दिसायचा, तो ती अल्लाद काढायची. "कापलं की हितं जरा धक्का बसतोय," म्हणाली. लिहायच्या जागी एक बारीक रेघ लुकलुकत असते, आवाजाबरोबर तेवढं चित्रही कापलं जातं, म्हणून ती एकदम उडी मारते. कोणाच्या ध्यानात येत नाही.

मी तिचा हात धरला. म्हणालो, आधीचा एखादा लाव, आई असतानाचा.

तिनं लावला, ह्याच पॅकेजांचा पहिला भाग. लेकीचा जुना आवाज, मोकळा. रेघ लुकलुकत होती. लुकलुकता लुकलुकता तिनं उडी मारली.

"हितं आई?"

"व्हय."

थोड्या वेळानं परत. मी बोट लावून विचारायचो, ती नुसती मान हलवायची. पुढचं मला दिसेना, डोळे भरून आले होते. लेकीनं व्हिडिओ बंद केला नाही.

साहेबाला नवीन व्हिडिओ पसंत पडला. शिकवायचं काम तिच्याकडंच राहिलं. तिचे जुने व्हिडिओ तिनं माझ्या फोनमध्ये घालून दिले. मी ओट्यावर बसून बघतो, कळत नाही तरी बघतो. रेघ उडी मारते तिथं बोट ठेवून थांबवतो, जरा मागं नेतो, परत थांबवतो. तिथं काही नसतं. पॅकेजांची यादी असते.