तांदळावर लिहिलेलं नाव

छावणीतल्या आमच्या वच्छलाबाईंना त्यांच्याच नावानं येसर विकायला कोर्टानं मनाई केली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी त्यांची शेजारीण. या बाईंच्या हातचं येसर नसेल तर आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला आमटीच होत नसे. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ मंद आचेवर खमंग भाजायची आणि मसाल्यासोबत दळायची. आम्ही घरून डबा न्यायचो, त्या भरून द्यायच्या. ना पाकीट, ना पावती.

मग गुलमंडीवरच्या मोतीरामशेठनं ते आपल्या दुकानात ठेवलं. पाकिटावर छापलं, 'वच्छलाबाईंचं येसर'. बाई हरखून गेल्या. शेठनं ते नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलंय, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढं शेठ त्यात मैदा मिसळायला लागला. बाईंनी त्याला माल देणं बंद केलं, स्वतःची पाकिटं काढली, तर यानंच त्यांच्यावर दावा ठोकला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

बाईंची वकील श्रेया निर्धास्त होती. माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर ट्रेडमार्कवाल्याला त्याला अडवता येत नाही, असं कायदाच म्हणतो. तसे अलीकडचे निकालही तिनं जोडले होते. शेठच्या वकिलानं फक्त बाईंचं आधार कार्ड मागितलं. त्यावर नाव होतं, मुक्ताबाई.

आता यात बाईंचा काय दोष? लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. सासरी थोरली जाऊ मुक्ताच होती, म्हणून बाईंच्या नवऱ्यानं, बद्रीनाथभाऊंनी, 'वच्छला' लिहिलं आणि सगळ्यांनी तेच धरलं. कागदोपत्री मात्र शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव राहिलं. ते तांदूळ आता कुठून आणायचे?

"साहेब, लगीन झाल्यापासून समदे मला याच नावानं हाक मारतेत," बाई कोर्टात म्हणाल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागद मागितला. शेठच्या आधीपासून या नावानं विकतो म्हणावं, तर तसा कागदही नव्हता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत हे नाव वापरायचं नाही, असा हुकूम झाला.

बाईचं नाव नवरा बदलतो, ते सगळ्यांना चालतं. ते कागदावर चढवायचं कुणाला सुचत नाही. आणि त्याच नावाचा मालक तिसराच पुरुष होऊन बसतो! मला याचा संताप येतो, आणि तो कुणी शांत करायच्या भानगडीत पडू नये.

त्या दिवशी घरी आल्यावर बाई अंगणातल्या चुलीत छापलेली कागदी पाकिटं घालत बसल्या. "येसर माझ्या हातात हाय, ते कुठं जातंय," त्या म्हणाल्या. "पन नाव गेलं की वो."

महिन्याभरानं मी त्यांच्याकडं बसले होते, तर दारात शेठ उभा. त्याच्या येसराला चव नाही म्हणून गिऱ्हाइकं पाकिटं परत आणून देत होती.

"ओ वच्छलाबाई," त्यानं जुन्या सवयीनं हाक मारली. "झालं गेलं जाऊ द्या. पगारावर या आमच्याकडं भाजायला."

बाई कढईतला गहू हलवत राहिल्या. त्यानं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

"वच्छलाबाई तुमच्याकडंच हाय नव्हं, शेठ? तिलाच सांगा भाजायला."