विजूताईंची शेपटीवाली क्रियापदं

इंदूरहून उज्जैनला परतत होते. देवास गेटला बसमधून उतरले आणि फोन वाजला. आमच्या खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेले इंजिनियर बोलत होते. आवाज कापरा. "भाभीजी, जल्दी आइए... विजया मैडम पास आउट हो गईं।" मी रिक्षा केली आणि माधव नगर येईपर्यंत मनाशी सगळी जुळवाजुळव करून टाकली. पास आउट म्हणजे बेशुद्ध. सकाळची गोळी विसरल्या असतील, चक्कर आली असेल. मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, डॉक्टरांना घरीच बोलवायचं. अविनाशला, माझ्या नवऱ्याला, बँकेत फोन करून सांगितलंसुद्धा, "घाबरू नकोस, ताईंना नुसती चक्कर आलीय." घरापाशी पोचले तर फाटकात शेजारच्या बायका उभ्या होत्या आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तेव्हा कळलं. त्या गृहस्थांना ‘पास अवे’ म्हणायचं होतं. घाईत ‘अवे’च्या जागी ‘आउट’ आलं, आणि तेवढ्या एका शब्दाच्या भरवशावर मी माझ्या नणंदेला देवास गेटपासून घरापर्यंत जिवंत ठेवलं होतं.

हे विजूताईंना सांगता आलं असतं तर! टाळी देऊन हसल्या असत्या. मग त्या बिचाऱ्या इंजिनियरला समोर बसवून चहा पाजला असता आणि दोन्ही शब्द घोटून घेतले असते. ‘पास आउट’वर त्यांचा जुनाच राग. उज्जैनमध्ये कॉलेजचं शिक्षण संपवलेला प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो, मी अमुक साली पास आउट झालो. विजूताई लगेच काळजीच्या सुरात विचारायच्या, "अरे बापरे! फिर होश कब आया?"

त्या अविनाशच्या थोरल्या बहीण. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा मला दोन भाषांची धास्ती होती, एक इंग्रजी आणि दुसरी इथली मराठी. "अगं, जरा रुक ना", "ती बात निराळी", असं सासरचं बोलणं ऐकून मी गोंधळून जायची. इथल्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात मला नोकरी मिळत होती, पण पत्रव्यवहार सगळा इंग्रजीतून. मी विजूताईंना सांगून टाकलं, मला व्याकरण येतं, शब्द येतात, पण ही दोन-दोन, तीन-तीन शब्दांची क्रियापदं माझ्या डोक्यात शिरत नाहीत. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे बरोबर. मग ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कुठून आलं? त्या पोह्यांना फोडणी देत होत्या. गॅस बारीक करून माझ्याकडे वळल्या. "असं बघ. मारका बैल अंगावर येतो. नको तिथे केलेली हुशारी अंगाशी येते. आणि नवरात्रात एखादीच्या अंगात येतं. अंग तेच, येणं तेच. तुला कुणी शिकवलं हे? कधी चुकलीस? एवढीशी शेपटी बदलते आणि अर्थ कुठल्या कुठे जातो! इंग्रजांनी शेपटी मागे लावली, आपण मधे लावतो, एवढाच फरक." त्यांनी हातातला झारा माझ्यावर रोखला. "आणि तुझं ते ‘पुट अप विथ’," त्या पुढे म्हणाल्या, "ते तिघांचं एकत्र कुटुंब आहे. एकदा एका घरात नांदायला लागले की कुणीही आपलं माहेरचं नाव लावत नाही. तुकडे करून अर्थ विचारायला गेलीस तर कुणीच ओळख देणार नाही. तिघांना एकदम हाक मार." त्या दिवशी पोहे करपले. मला मात्र नोकरी लागली आणि ती मी आजतागायत करते आहे.

विजूताई निवृत्त झाल्यावर दर रविवारी पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. येणाऱ्या सगळ्या बायकाच. कुणी नर्सिंगच्या मुलाखतीची तयारी करणारी, कुणी परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणारी. विजूताई एका जागी बसून शिकवत नसत. ‘लुक अप टू’ शिकवताना समोरचीला स्टुलावर उभं करून स्वतः खालून तिच्याकडे भक्तिभावाने बघायच्या, आणि ‘लुक डाउन ऑन’ची पाळी आली की स्वतः स्टुलावर चढून नाक मुरडायच्या. डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचं सांगितल्यावर स्टूल बंद झालं. नाक मुरडणं चालू राहिलं.

या वर्गातली रुखसाना भैरवगढची, कापडावर ठशांची छपाई करणाऱ्या घरातली सून. परदेशातल्या एका दुकानाला त्यांच्या चादरी जाऊ लागल्या होत्या आणि आलेले मेसेज वाचण्याचं काम तिने हट्टाने आपल्याकडे घेतलं होतं. सासऱ्यांना ते फारसं पसंत नव्हतं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी ती स्कूटीवरून आली आणि दारातच रडू लागली. "दीदी, सब खत्म हो गया. पूरा माल वापस आ रहा है." आदल्या वर्षी एका खेपेचा रंग सुटला होता, तेव्हा दुकानवाल्यांनी लिहिलं होतं, ‘द कलर रन्स’. तेव्हापासून ‘रन’ हा शब्द त्या घरात अपशकुनी झाला होता. आणि आज पुन्हा तोच आला होता. सासऱ्यांनी तो मेसेज फोनमधल्या भाषांतराला लावला, तर त्याने सांगितलं, ‘हम आपकी नीली चादरों से बाहर भाग गए हैं’. त्यांनी कपाळाला हात लावला. माल परत घेतो म्हणून कळवून टाका, बाहेरचा धंदा बंद, आणि सुनेने फोनला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

रुखसानाने मेसेज कागदावर उतरवून आणला होता; विजूताईंनी चष्मा लावून तो वाचला. मी बाजूलाच होते. मोठ्याने वाचला त्यांनी. "वी हॅव रन आउट ऑफ युवर ब्लू बेडस्प्रेड्स. वी कान्ट कीप अप विथ द डिमांड. प्लीज कम अप विथ समथिंग न्यू." आणि त्या ओरडल्याच! "पगली! अगं, एकाच मेसेजमध्ये तीन-तीन शेपटीवाली! काय देखणी आहेत बघ!" रुखसाना डोळे पुसत बघत राहिली. "रन अलग, रन आउट ऑफ अलग. माल खराब नहीं हुआ, माल बिक गया! दुकान में एक चादर नहीं बची. माँग इतनी है कि वो लोग पूरी नहीं कर पा रहे हैं. और कह रहे हैं, कुछ नया सोचकर भेजो!" मी म्हटलं, चला, सासऱ्यांना फोन लावू. विजूताईंनी पायात चपला सरकवल्या होत्या. "फोनवर हे कळत नाही. मी येते."

मी हृदयाची आठवण करून दिली. "ते माझ्याबरोबरच येतंय," असं म्हणून त्या स्कूटीवर मागे बसल्या, एका हाताने रुखसानाचा खांदा, दुसऱ्या हाताने उडणारा पदर धरून. मी मागून रिक्षाने निघाले. वाटभर मी त्यांच्या पाठीवरची नजर काढली नाही, आणि पुढे विजूताई गल्लीतल्या ओळखीच्या माणसांना हात करत चालल्या होत्या! भैरवगढला कारखान्याच्या अंगणात निळ्या-तांबड्या चादरी वाळत होत्या. म्हातारे सासरे खाटेवर मान खाली घालून बसले होते. विजूताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो रंग नहीं छूटा?" विजूताई म्हणाल्या, "चाचा, रंग नहीं छूटा. चादरें छूट गईं, हाथोंहाथ!" म्हातारे उठून उभे राहिले. कामगारांना हाका मारून गोळा केलं, कचोऱ्या मागवल्या. मग खिशातून फोन काढून सगळ्यांदेखत सुनेच्या हातात दिला. "ले बेटा. जवाब तू लिख. आगे भी तू ही लिखना." रुखसानाने तिथेच खाटेवर बसून उत्तर लिहिलं. विजूताईंनी फक्त शेवटी ‘लुक फॉरवर्ड टू’ घालायला लावलं आणि ‘टू’च्या पुढे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’, हे तोंडात कचोरी असताना बजावलं. परतताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "मेधा, आज मजा आली गं." खूप दमल्या होत्या... पण इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. उन्हाळा लागता लागता त्या गेल्या.

दिवस झाले, पाहुणे पांगले. पुढच्या खोलीत जायचं मी टाळत होते. आणि एका रविवारी नेहमीच्या वेळी बेल वाजली. दारात रुखसाना, तिच्यामागे बाकीच्या सगळ्या. आत येऊन आपापल्या जागी बसल्या. मीही बसले. मग एका नव्या मुलीने पुस्तकातलं एक वाक्य दाखवलं आणि भीत भीत विचारलं, "भाभी, ये ‘टेक आफ्टर’ क्या होता है? बाद में लेना?" मी उठले. कशी उठले मलाच कळलं नाही. म्हटलं, बाद में लेना नहीं! हमारी मराठी में कहते हैं, मुलगी आईवर गेली. नाक, आवाज, चाल, गुस्सा, सब वैसा का वैसा! आणि मी खोलीभर चालून दाखवलं, आवाज काढून दाखवला, नाकसुद्धा मुरडलं. थांबले तेव्हा सगळ्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. रुखसाना हळूच म्हणाली, "भाभी, यू टेक आफ्टर हर."

मी म्हटलं, "अरे, मैं तो उनकी भाभी हूँ. मैं कैसे..."

दारात अविनाश चहाचा ट्रे घेऊन उभा होता. बहीण गेल्यापासून तो फार कमी बोलायचा. ट्रे हातात तसाच धरून तो म्हणाला, "वा रे वा! सख्खा भाऊ मी, आणि ताईवर गेली ही!" आणि इतका मोठ्याने हसला की कपांतला चहा बशांत सांडला.