मनीषाचं कॉफी मशीन

माझी धाकटी जाऊ मनीषा, हिच्यावर मी जळायचे. उगाच गोड बोलून सांगत नाही, जळायचेच. दोन हजार दोन साली ती लग्न होऊन आमच्या मखमलाबादच्या मळ्यावर आली, बी.कॉम. झालेली, आणि महिन्याभरात तिने सासूबाईंना मिक्सरवरच्या चटणीची सवय लावली. मी दहा वर्षं सांगत होते, तेव्हा मला म्हणायच्या, "पाट्याची चव येत नाय."

माझं म्हणावं असं घरात एकच होतं. एकादशीला सासूबाई चहाला शिवत नसत. कॉफी घ्यायच्या, आटवलेल्या दुधाची, जायफळ घातलेली, आणि ती माझ्याच हातची. बाकी सगळं मनीषाने न्यावं, एवढं मात्र मला सोडायचं नव्हतं.

दोन हजार आठ साली माझ्या दिराने, शेखरने, घरात कॉम्प्युटर आणला. तो सातपूरला कंपनीत कामाला जाई, आणि इकडे ही बाई दुपारी त्यावर दुकानं बघत बसे. सासूबाई म्हणायच्या, "मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. न बघता वस्तू घ्यायची म्हंजे काय?" मी मोठ्याने हो ला हो करायचे. एक दिवस कुरिअरवाला खोकं देऊन गेला. त्यातून निघालं कॉफीचं मशीन.

"आईंच्या एकादशीला होईल," मनीषा म्हणाली. "ताई, तुमचा त्रास वाचेल."

माझा त्रास म्हणे. मला रात्रभर झोप आली नाही.

एकादशीला सकाळी तिने टाकीत पाणी भरलं, पावडर घातली, बटण दाबलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कप सरकवला. "हा काय काढा हाय का? उपासाला पाणी पाजती व्हय मला?" मी परसात जाऊन पोटभर हसून आले.

मनीषा पार कावरीबावरी झाली. "ताई, टाकीत पाण्याऐवजी दूधच घातलं तर?"

मशीनचं पुस्तक मी आदल्या दिवशीच चोरून चाळलं होतं. इंग्रजी मला येत नाही, पण दुधाच्या भांड्यावर मारलेली लाल फुली कळायला इंग्रजी कशाला लागतं?

"घाल की," मी म्हटलं. "साखर, जायफळ, सगळंच घाल. आपली कॉफी दुधाचीच असते."

मशीन थोडा वेळ गुरगुरलं, मग करपट वास सुटला आणि ते बंद पडलं. संध्याकाळी शेखरने ते खोललं. आतल्या नळीत दूध करपून चिकटलं होतं. "दूध कुणी घातलं यात?" तो तापला होता. सासूबाई दारात शेवंतीच्या माळा ओवत बसल्या होत्या. मी खाली बघत उभी राहिले.

"मीच," मनीषा म्हणाली. "ताई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही."

पुस्तक तिच्या हातात होतं, आणि फुलीचंच पान उघडं होतं. तिने माझं नाव घेतलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. आता भांडायचं तरी कुणाशी?

पंधरा दिवसांनी पुढची एकादशी आली. मी दूध चुलीवर ठेवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "छाया, तू सर. आज मनीषा करील."

"तिला कुठं येतंय?"

"येत नाय तर शिकव. त्या दिवशी तू तिला काय सांगितलंस ते मी ऐकलंय. कान शाबूत हायेत माझे."

मी शिकवलं. दूध किती आटवायचं, पावडर कधी घालायची, जायफळ किती किसायचं. अर्धवट सांगावं असं मनात आलं होतं, पण सासूबाई तिथेच पाट घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी कप संपवला आणि मनीषापुढे धरला, "अजून हाय का गं?"

माझ्या हातची कॉफी त्यांनी दुसऱ्यांदा कधीच मागितली नव्हती.