गल्ली बुधवारी मोजावी

लिंबाजीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्ट्रेचरवर. अग्निशमन केंद्राच्या आवारात एक रुग्णवाहिका उभी होती, मागचं दार सताड उघडं, आणि आत खाकी कपड्यांतला एक माणूस डोळे मिटून उताणा पडलेला. मला नोकरीला लागून तिसरा दिवस. आत चढून मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तसा एक डोळा उघडला.

"हळू, भाऊसाहेब. पाणी सांडंल ना!"

तेव्हा दिसलं, छातीवर स्टीलचा गिलास होता, दोन बोटं कमी भरलेला, आणि त्याच्या बुडाशी त्यांनी अलगद हात धरला होता.

मामा आमच्याकडे हेड ड्रायव्हर. वैजापूरकडचे, घराणं मेंढपाळांचं. भाऊ अजून मेंढरं राखायचे, हे तेवढे शहरात आले. नवी गाडी आली की बाकीचे ड्रायव्हर आधी स्टिअरिंगवर बसत. मामा मागं जाऊन झोपत, छातीवर गिलास ठेवत आणि दुसऱ्याला गाडी काढायला सांगत. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर आतून एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे जाऊ दे. "पेशंट काय पुढं बसतो व्हय?" ते म्हणत. "लंगडी मेंढी चालंल तसा कळप चालवायचा असतो."

मी महापालिकेच्या वाहन विभागात कारकून, आणि स्वभावानं घाबरट. सही करून झाल्यावरही मी ती तीनदा वाचतो. त्या वर्षी पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला होता. नळ नावाला उरले होते, पण शहर काही थांबत नव्हतं. बिडकीनच्या रस्त्याला रोज नव्या कारखान्याचं कुंपण पडत होतं, तिकडून अपघाताचे फोन येत. इकडे जुन्या शहरात, गुलमंडीमागच्या बोळांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी फोन येत. चार नव्या रुग्णवाहिका घ्यायचं ठरलं आणि बॉडी बांधणाऱ्या दोन कारखान्यांनी नमुन्याची एकेक गाडी पाठवली. पहिली लांबरुंद, पांढरीशुभ्र, आत कपाटांची रांग. दुसरी आखूड, अंगानं बारीक, दिसायला अगदीच बापुडवाणी. आमच्या विभागाच्या साहेबांचं मन पहिलीवर बसलं. माझंही बसलं होतं, खोटं कशाला बोलू!

गल्ल्या मोजायचं काम माझं. सोमवारी टेप घेऊन मी जुनं शहर पालथं घातलं. सगळ्यांत अरुंद निघाली ती गुलमंडीमागची, मामा राहत तीच गल्ली. पण तिथूनही मोठी गाडी दोन्हीकडे वीतभर जागा सोडून जात होती. तसं लिहून दिलं, खाली सही ठोकली. गुरुवारी बैठक होती.

मंगळवारी मामा मोठ्या गाडीत झोपून बिडकीनपर्यंत जाऊन आले. उतरले तेव्हा सदरा ओला. "मागच्या चाकाच्याबी मागं डोकं येतंय माणसाचं. चाक खड्ड्यात गेलं की लई आपटतंय." साहेब म्हणाले, "मामा, तुमचा गिलास टेंडरात कुठं लिहू, सांगा!" सगळे हसले. मामाही हसले, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"गल्ली कवा मोजली, भाऊसाहेब?"

"सोमवारी."

"टँकर कवा येतो तिथं?"

"बुधवारी."

"मग बुधवारी मोजा की. सोमवारी तिथून घोड्यासकट वरात जाती."

मला रागच आला. दोन दिवसांवर बैठक आणि आता हे! "तुमच्या दारात गाडी यावी म्हणून चाललंय का हे सगळं, मामा?"

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "आज ना उद्या माझ्याच दारात यायचीय."

बुधवारी त्यांनी मला मोठ्या गाडीत बसवलं नाही, झोपवलं. चालवायला रफिक, मामांनीच तयार केलेला ड्रायव्हर. मामा स्वतः गाडीपुढं पायी. टँकर नुकताच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाइपनं पाणी देऊन गेला होता आणि प्रत्येक दारासमोर निळा ड्रम भरून उभा होता. चोरी होते म्हणून ड्रम खिडकीच्या गजांना साखळीनं बांधलेले. निम्म्या गल्लीत आमची गाडी अडकली. दोन्ही बाजूंनी पत्र्याला प्लास्टिक घासल्याचा आवाज यायला लागला. "नै जाती, मामा," रफिक ओरडला. आत हवा नव्हती. मी छताकडे बघत घाम पुसत होतो आणि मनात एकच, इथं माझी आई असती तर?

एवढ्यात ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "आत पेशंट हाय का? असंल तर ड्रम उपडे करतो. नसंल तर मागं घ्या!"

आठवड्याचं पाणी होतं ते. मामांनी ओट्यावर चढून खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का, भाऊसाहेब? एका माणसापायी दर वेळी गल्लीनं तहानलेलं ऱ्हायचं का?" गाडी इंचाइंचानं मागं घेत बाहेर काढली तोवर माझा शर्ट पिळून निघाला होता.

रात्रभर झोप नाही. नोकरी अजून कायम झाली नव्हती. गुरुवारी बैठकीत उभा राहिलो. "साहेब, माझं मोजमाप चुकलं. मी भिंतीपासून भिंत मोजली. ड्रम मोजले नाहीत." साहेबांनी कागद बराच वेळ उलटसुलट केला. "सही तुमचीच ना?" "हो." "मग खोडा आणि नीट मोजून नवीन करा."

मामा बाहेर बाकावर बसलेले. "नोकरी गेली का?"

"नाही."

"मग तोंड कशापायी असं, मेंढरू हरवल्यावानी?" म्हणाले, आणि पाठीवर अशी थाप मारली की मला खोकलाच आला.

दुसरी, बापुडवाणी गाडी ठरली. मामा बॉडीच्या कारखान्यात चार खेपा घालून आले, स्ट्रेचर पुढं सरकवून घेतलं, दर वेळी स्वतः झोपून पाहिलं. तिथल्या वेल्डरांनी त्यांचं नाव 'पेशंटमामा' ठेवलं होतं. ते त्यांना मनापासून आवडलं होतं.

मामा निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा तशीच टंचाई आली. एका बुधवारी दुपारी फोन आला, पत्ता मामांचा होता. मी रफिकबरोबर गाडीत उडी मारली. ड्रम भरलेले, साखळ्या लावलेल्या. आमची बारीक गाडी त्यांच्यामधून सरळ मामांच्या दारात गेली. एकही ड्रम हलला नाही.

मामांची छाती दुखत होती, अंग घामानं थबथबलेलं. सूनबाईनं दोन बोटं कमी भरलेला पाण्याचा गिलास पुढं केला. त्यांना पिववेना. त्यांनी डोळ्यांनीच मला खुणावलं, तो मी हातात घेतला आणि तसाच गाडीत चढलो. त्या दिवसांत भरला गिलास ओतून टाकायची कुणाची छाती नव्हती.

रफिक रडत होता आणि जिवापलीकडे जपून चालवत होता. फार हळू. मामांनी हात कसाबसा उचलला आणि पत्र्यावर दोनदा टेकवला. जाऊ दे. रफिकनं गाडी सोडली. मी एका हातात गिलास आणि दुसऱ्या हातात मामांचा हात धरून बसलो होतो. "आलंच, मामा, आलंच," म्हणत होतो. तो हात कधी ढिला पडला, मला कळलंच नाही.

गाडी वेळेत पोहोचली, मामा पोहोचले नाहीत. त्यांना आत नेलं, डॉक्टर मान हलवून बाहेर आले, तरी मी दारातच उभा होतो. खाली पाहिलं तर गिलास अजून माझ्या हातात. दोन बोटं कमी भरलेला होता, तेवढाच होता. एक थेंब सांडला नव्हता, आणि ज्याला हे सांगायचं तो माणूसच राहिला नव्हता.