दोन करडांतलं मावशींचं कोणतं?

मावशी वारल्या, आणि मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की दोन करडांतलं तुमचं कोणतं?

हसू नका. खरंच विचारायचं होतं.

वेल्ह्याला आमचा बिझनेस मॅनेजमेंटचा सर्टिफिकेट कोर्स होता. कम्युनिटी कॉलेजचा, सहा महिन्यांचा. मी विंझरची, बीकॉम करून घरी बसलेली. मावशी पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या, वय माझ्या आईएवढं. पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायच्या आणि अकाउंट्सच्या तासाला खुशाल डुलक्या काढायच्या.

त्या कोर्सला का आल्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा म्हणाल्या, बचत गटाच्या बायकांनी पाठवलं. एकदा म्हणाल्या, घरी बसून कंटाळा आला. रोज शेळ्यांमागं डोंगर चढणारी बाई घरी कधी बसली होती, देव जाणे.

सरांनी विचारलं, धंद्याला थ्रेट काय काय असतात? मावशी म्हणाल्या, बिबट्या. सर हसले, पण फळ्यावर लिहिलंही.

मग पार्टनरशिपचा धडा आला आणि मावशी टक्क जाग्या झाल्या. म्हणाल्या, आमच्यात शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, करडं निम्मी निम्मी. वाटणीच्या दिवशी मालकानं यायचं, नीट बघायचं आणि आपलं करडू आधी उचलायचं. उरलं ते सांभाळणाऱ्याचं.

सर म्हणाले, तुम्हा दोघींचा हाच प्रोजेक्ट.

मला वाटलं, रिपोर्ट लिहायचा आणि सुटायचं.

पुढच्याच आठवड्यात मावशी टेम्पोतून गाभण शेळी घेऊन दारात हजर. आमची भातशेती, शेळी कधी पाळलेलीच नाही. आई माझ्याकडे बघतेय, मी शेळीकडे.

"मावशी, मला पुण्याला नोकरी लागली तर?"

"तवाचं तवा बगू. पर ध्यानात ठिव, चांगलं करडू म्याच उचलणार. त्ये तुला न्हाई सोडायची."

कोर्स संपला. शेळी व्यायली. एक बोकड, एक पाट. पाट म्हणजे मादी. चांगली तीच, कारण पुढं तिलाही करडं होणार. मी आनंदानं मावशींना फोन लावला.

काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, उचलला. म्हणाले, ती सकाळीच गेली. तापाचं निमित्त झालं.

मी खूप रडले. रडता रडता मनात आलं, आता उचलणार कोण? असं मनात यावं का, तेही कळेना.

त्यात पुण्याच्या ऑफिसचा फोन आला. नोकरी पक्की, सोमवारी हजर व्हा.

म्हणून काल, तेरावं झाल्यावर, शेळी आणि दोन्ही करडं टेम्पोत घालून वर गेले. ठरवलं होतं, सगळंच परत देऊन टाकायचं. म्हणजे मी मोकळी.

काकांनी करडं खाली घेतली. पाटीच्या पाठीवरून हात फिरवला. आणि बोकड उचलला.

मी म्हटलं, काका, चांगली तर पाट आहे.

"व्हय. पर तिनं सांगून ठिवलंय. पाट झाली तर ती पोरीला ऱ्हाऊ दे."

"कधी सांगितलं?"

"शेळी तुज्याकडं धाडली, त्याच दिशी."

माझ्या दारात मला दम भरून गेलेली बाई घरी जाऊन हे सांगते?

मी सगळं परत द्यायला आलेय म्हटलं, तर काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. बोकडही पुन्हा टेम्पोत ठेवला. म्हणाले, दूध तुटेपर्यंत आईपाशी राहू दे. झालं. जशी गेले तशीच तिघांना घेऊन परत.

आता बॅग भरलेली आहे. पाट त्या बॅगेवर चढून बसलीय. आई म्हणते, जा, आम्ही बघू. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, तूच ठरव. तेवढंच तर येत नाहीये.

मावशी, तुम्ही मला धंदा देऊन गेलात की अडकवून गेलात? की मी जाणार हे धरूनच वाटेला काहीतरी बांधून दिलंत? फोन लागला असता तर विचारलं असतं. तुम्ही तिसरंच काहीतरी सांगितलं असतं.

आधी उचलायचा मान तुमचा होता. तुम्ही तो घेतलात, आणि चांगलं ते मला ठेवलंत.

तुमच्या पार्टनरची तुम्हाला श्रद्धांजली, मावशी. सोमवारचं अजून ठरलेलं नाही.